उजेडाचा डॉक्टर आणि कासवाची टाकी

कासव पाळणाऱ्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पाणी बदलले की चार-पाच दिवसांत ते पुन्हा हिरवे होते आणि वास मारू लागते. अंगणातल्या छोट्या तळ्याची तऱ्हाही तीच. मग कोणीतरी दुकानातून यूव्ही स्टरिलायझर, म्हणजे अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करणारे उपकरण घेऊन येतो. प्लास्टिकची एक बंद नळी, तिच्यात पारदर्शक आवरणातला दिवा आणि त्या दिव्याला लागून वाहणारे पाणी, एवढाच त्याचा संसार. आठवडा-दोन आठवड्यांत काही टाक्यांतले पाणी नितळ होते, तर काही टाक्यांत तसूभरही फरक पडत नाही. उपकरण तेच, दिवा तोच, मग असे का होते?

या प्रश्नाचे उत्तर कोपनहेगनमधल्या एका आजारी डॉक्टरच्या आयुष्यात सापडते. नील्स रायबर्ग फिन्सेन हे त्यांचे नाव. उजेडाने रोग बरा करून दाखवल्याबद्दल त्यांना १९०३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ४३ व्या वर्षी ते गेले. कासवाच्या टाकीशी त्यांचा कधी संबंध आला नाही. पण उजेड औषधासारखा वापरायचा असेल तर त्याचा रंग कोणता, तो किती वेळ द्यायचा आणि मुख्य म्हणजे तो नेमका कुठवर पोहोचतो, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारणाऱ्या पहिल्या काही माणसांत ते होते. आजचा स्टरिलायझर चालतो किंवा फसतो तो याच तीन प्रश्नांवर.

फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवरच्या टोर्सहाव्हन या गावी झाला. उत्तर अटलांटिक समुद्रातली ही बेटे डेन्मार्कच्या ताब्यात होती. हवा कायम ढगाळ, हिवाळ्यात दिवस जेमतेम काही तासांचा. घराणे मूळचे आइसलँडचे. वडील सरकारी अधिकारी होते आणि पुढे त्या बेटांचे प्रशासक झाले. नील्स लहान असतानाच आई वारली. शिक्षणासाठी त्याला डेन्मार्कमधल्या हेर्लुफ्सहोल्म या नामांकित निवासी शाळेत धाडले गेले, पण तिथे त्याचा निभाव लागला नाही. मुलगा मनाने चांगला, पण कुवत आणि उत्साह दोन्ही बेताचे, असा शेरा मुख्याध्यापकांनी दिला. शेवटी वडिलांनी त्याला आइसलँडची राजधानी रेक्याविक इथल्या आपल्या जुन्या शाळेत घातले. शालान्त परीक्षा तो वयाच्या २१ व्या वर्षी उत्तीर्ण झाला आणि १५ विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक अकरावा आला. याच मुलाला पुढे नोबेल मिळेल असे त्या वेळी कोणी म्हटले असते, तर लोकांनी ते हसण्यावारी नेले असते.

१८८२ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी फिन्सेन कोपनहेगनला आले आणि वर्षभरातच आजारपणाने त्यांना गाठले. दम लागे, थकवा येई, पोट फुगे. यकृत, हृदय आणि प्लीहा यांच्यावरची आवरणे हळूहळू जाड होत चालली होती. त्यातून जलोदर झाला. पुढच्या वीस वर्षांत पोटात साचलेले पाणी त्यांना वारंवार काढून घ्यावे लागले. त्या काळी या दुखण्यावर औषध नव्हते, आणि शिक्षण वैद्यकाचेच असल्याने हे त्यांना इतरांपेक्षा जास्त कळत होते.

राहायची खोली उत्तरेकडे तोंड असलेली होती. ऊन तिथे येतच नसे. उन्हात बसले की बरे वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. पण नुसत्या बरे वाटण्यावर विसंबायचा त्यांचा स्वभाव नव्हता. उन्हाने शरीरात नेमके काय होते, याची त्या वेळची पुस्तके त्यांनी चाळली. हाती फारसे काही लागले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच डोळे उघडे ठेवून पाहायला सुरुवात केली. खिडकीतून समोरच्या छपरावर एक मांजर दिसे. सावली सरकत तिच्यापर्यंत आली की ती उठून पुन्हा उन्हात जाऊन बसे. कालव्याच्या पाण्यावरचे किडे प्रवाहाबरोबर पुलाच्या सावलीत ओढले गेले की धडपडत पुन्हा उन्हाकडे वळत. ज्या गोष्टीसाठी प्राणी एवढी खटपट करतात, तिचा शरीराला काहीतरी ठोस उपयोग असणार, असा तर्क त्यांनी बांधला.

दगडावर चढून, मान लांब करून, पाय पसरून उन्हात पडलेले कासव ज्याने पाहिले आहे त्याला हा तर्क सहज पटेल. कासवाचे रक्त थंड असते. शरीर तापवण्यासाठी त्याला ऊन लागतेच, पण आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. उन्हातल्या अतिनील किरणांचा एक पट्टा, ज्याला यूव्ही-बी म्हणतात, तो त्वचेवर पडला की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर अन्नातले कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडते आणि हाडे वाकतात. फिन्सेन यांच्या काळी जीवनसत्त्व हा शब्दही जन्माला आला नव्हता. मात्र प्रश्न त्यांनी योग्य जागी विचारला होता.

१८९० मध्ये ते डॉक्टर झाले. विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात विद्यार्थ्यांना विच्छेदन शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. १८९२ च्या अखेरीस इंगेबॉर्ग बाल्सलेव यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली. शरीरात जेवढी ताकद उरली होती तेवढी संशोधनाला द्यायची, असे त्यांनी ठरवले. घरखर्चासाठी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या शिकवण्या चालू ठेवल्या.

त्यांचा पहिला प्रयोग अगदी साधा होता. स्वतःच्या हातावर त्यांनी काळ्या शाईचा एक रुंद पट्टा ओढला आणि हात काही तास कडक उन्हात धरला. मग शाई पुसली. शाईखालची कातडी होती तशीच गोरी राहिली होती, तर दोन्ही बाजूंची लाल होऊन सुजली आणि काही दिवसांनी काळवंडली. तोच हात त्यांनी पुन्हा उन्हात धरला, या वेळी शाई न लावता. आता गोरा पट्टा भाजला आणि आधी काळवंडलेल्या कातडीला काही झाले नाही. कातडी भाजते ती उन्हातल्या उष्णतेने नव्हे, तर निळ्या-जांभळ्या आणि त्यापलीकडच्या अदृश्य किरणांनी, आणि त्वचेतला काळा रंग हे शरीराने स्वतः उभे केलेले संरक्षण आहे, हे त्यातून त्यांना दिसले. अशा किरणांना त्या काळी रासायनिक किरण म्हणत, कारण छायाचित्राच्या कागदावरची रसायने त्यांच्यामुळेच काळी पडत.

हे किरण इजा करत असतील, तर ते अडवूनही उपचार करता येईल, असा त्यांचा पुढचा विचार होता. १८९३ मध्ये त्यांनी देवीच्या रोग्यांसाठी एक सूचना केली. छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत असतो तसा फक्त लाल उजेड रोग्याच्या खोलीत ठेवावा, म्हणजे फोड पिकणार नाहीत आणि चेहऱ्यावर व्रण राहणार नाहीत. नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या डॉक्टरांनी लगेच हा प्रयोग केला आणि निकाल चांगले असल्याचे कळवले. पुढे मात्र इतर ठिकाणी तसा गुण दिसला नाही आणि हा उपचार मागे पडला. फिन्सेन यांचे नाव त्यामुळे युरोपभर झाले, पण त्यांची खरी कामगिरी अजून व्हायची होती.

उजेड जंतूंना मारतो, हे तोवर माहीत झाले होते. इंग्लंडमध्ये आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट यांनी १८७७ मध्ये जंतुपोषक द्रावणाच्या काही नळ्या उन्हात आणि काही अंधारात ठेवल्या. अंधारातल्या नळ्या गढूळ झाल्या, तर उन्हातल्या स्वच्छ राहिल्या. वर्णपटाच्या निळ्या-जांभळ्या टोकाचा परिणाम सर्वांत जास्त होता. क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनीही उन्हाने हे जंतू मरतात हे दाखवले होते. फिन्सेन यांनी या दोन गोष्टी जोडल्या आणि त्यांच्या मनात एक रोग आला, लुपस व्हल्गॅरिस.

लुपस व्हल्गॅरिस म्हणजे त्वचेचा क्षय. तो बहुतेकदा चेहऱ्यावर होई. नाक, गाल, ओठ वर्षानुवर्षे झडत जात. जीव लवकर जात नसे, पण माणूस समाजातून उठे. असे रोगी तोंडावर कापड बांधून फिरत, कामावरून काढले जात, स्वतःच्या घरातही वेगळे बसत. डॉक्टर तो भाग खरवडून काढत, डागत किंवा कापत. रोग परत येई आणि व्रण मात्र आधीपेक्षा वाईट होत. जंतू त्वचेतच आहेत आणि उजेड त्वचेवर टाकता येतो, तर मग उजेडानेच ते मारावेत, असे फिन्सेन यांनी ठरवले.

आड येत होते ते रक्त. छायाचित्राच्या कागदाचा एक तुकडा त्यांनी कानाच्या पाळीमागे ठेवला आणि पुढून प्रखर उजेड टाकला. कागद पांढराच राहिला. मग पाळी दोन पारदर्शक चकत्यांमध्ये घट्ट दाबून तिच्यातले रक्त बाजूला सारले आणि तोच उजेड पुन्हा टाकला. या वेळी कागद थोड्याच वेळात काळा पडला. वाहते रक्त रासायनिक किरण शोषून घेते आणि खालच्या थरांपर्यंत त्यांना जाऊ देत नाही, हे त्या कागदाने सांगितले. दिवा कितीही मोठा आणला तरी रक्त दूर केल्याशिवाय उजेड जंतूपर्यंत पोहोचणार नव्हता. म्हणून त्यांनी स्फटिकाची, म्हणजे क्वार्ट्झची पोकळ चकती बनवली. ती त्वचेवर दाबली की रक्त मागे हटे आणि तिच्या पोकळीतून वाहणाऱ्या थंड पाण्यामुळे कातडी भाजत नसे.

हिरव्या टाकीत स्टरिलायझर लावून निराश होणाऱ्यांची चूक इथेच होते. कानाच्या पाळीत जे काम रक्त करते, तेच टाकीत गढूळपणा करतो. कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच विष्ठा टाकते. अन्नाचे कण, विष्ठा, कुजलेली पाने यांनी पाणी भरले असेल तर किरण त्या कणांवर अडतात आणि त्यांच्या आडोशाचे जंतू सुखरूप पुढे जातात. लाकडाच्या ओंडक्यातून उतरणारा तांबूस रंगदेखील हे किरण शोषतो. म्हणून पाणी आधी गाळणीतून म्हणजे फिल्टरमधून जायला हवे आणि मगच दिव्यासमोर. फिल्टर लहान, घाण भरपूर आणि दिवा मोठा, हा उलटा हिशेब कधीच जमत नाही. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या आवरणावर क्षारांचा पांढरा थर बसतो. तो वेळोवेळी पुसला नाही तर दिवा जळतो, वीज जळते, पण किरण पाण्यापर्यंत जात नाहीत. बोअरचे जड पाणी असलेल्या ठिकाणी हा थर लवकर साचतो.

नोव्हेंबर १८९५ मध्ये फिन्सेन यांच्याकडे एक इंजिनिअर आला. त्याच्या चेहऱ्यावरचा लुपस आठ वर्षे कोणत्याही उपायाला दाद देत नव्हता. प्रयोगासाठी इस्पितळ नव्हते, त्यामुळे कोपनहेगनच्या वीज कंपनीतच उपचार सुरू झाला. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीचा झोत पेटवून मिळणारा प्रखर उजेड भिंगांनी एका ठिकाणी गोळा करायचा आणि नाण्याएवढ्या जागेवर रोज तास-दोन तास धरायचा, असे ते काम होते. काही महिन्यांत त्या इंजिनिअरचा चेहरा जवळजवळ बरा झाला. बातमी पसरली. शहरातल्या धनिकांनी आणि नगरपालिकेने मदत केली आणि १८९६ मध्ये फिन्सेन यांची प्रकाशोपचार संस्था उभी राहिली.

तिथले दृश्य पाहायला परदेशातून डॉक्टर येत. छताला टांगलेला मोठा कार्बन दिवा, त्यातून चार दिशांना निघालेल्या दुर्बिणीसारख्या नळ्या आणि प्रत्येक नळीखाली खाटेवर एक रोगी. त्याच्याशेजारी काळा चष्मा लावलेली परिचारिका क्वार्ट्झची चकती त्याच्या गालावर दाबून बसलेली असे. तासभर तिने हलायचे नसे. एका बैठकीत जेमतेम नाण्याएवढी जागा होई. सगळा चेहरा व्हायला महिने लागत. १९०१ पर्यंत लुपसच्या सुमारे ८०० रोग्यांवर तिथे उपचार झाले आणि त्यांतल्या बहुतेकांना गुण आला. ज्यांनी आरसा पाहणे सोडले होते ते पुन्हा कामावर रुजू झाले. डेन्मार्कची राजकन्या आणि त्या वेळी इंग्लंडची युवराज्ञी असलेल्या अलेक्झांड्रा यांनी १९०० मध्ये लंडन हॉस्पिटलमध्ये असा दिवा बसवून दिला.

वेळेचा धडा त्या परिचारिकांच्या कामात आहे. उजेडाची मात्रा म्हणजे त्याची तीव्रता गुणिले तो पडत राहण्याचा वेळ. स्टरिलायझरमध्ये हा वेळ पाण्याच्या वेगावर ठरतो. पंप जोरकस असेल तर पाणी दिव्यासमोरून क्षणात निघून जाते आणि जंतूंना पुरेशी मात्रा मिळत नाही. हिरव्या पाण्यातले तरंगते शेवाळ मारायला लागणारा वेग वेगळा आणि रोगजंतू मारायला त्याहून संथ प्रवाह हवा. उपकरणाच्या पुस्तिकेत हे आकडे दिलेले असतात आणि पंप त्यानुसारच निवडायचा असतो. दिव्याचे वयही मोजावे लागते. निळसर प्रकाश दिसत राहतो, पण जंतू मारणारे किरण साधारण वर्षभराच्या अखंड वापरानंतर बरेच कमी होतात. ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे दिवा चालू आहे यावर समाधान मानणे फसवे ठरते.

संस्था वाढत होती, तसे फिन्सेन खंगत होते. १८९८ मध्ये त्यांना प्राध्यापकाचा दर्जा मिळाला, पण अखेरच्या वर्षांत ते चाकाच्या खुर्चीला खिळले. १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले. आदल्या वर्षीचे वैद्यकाचे नोबेल हिवतापावरील कामासाठी रोनाल्ड रॉस यांना मिळाले होते. फिन्सेन त्या मालिकेतले तिसरे. स्टॉकहोमपर्यंत जाण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. पारितोषिकाच्या रकमेतला मोठा वाटा त्यांनी आपल्या संस्थेच्या कामासाठी दिला.

शेवटच्या काळात संशोधनासाठी त्यांच्याजवळ एकच रोगी उरला होता, ते स्वतः. रोज किती पाणी प्यायले, किती मीठ खाल्ले, शरीरातून किती बाहेर गेले, याची नोंद ते काटेकोरपणे ठेवत. मीठ कमी केले की पोटातले पाणी कमी साचते, हे त्यांना दिसले. शरीरात मीठ साठण्यावरचा त्यांचा शेवटचा निबंध १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला कोपनहेगनमध्ये त्यांचे निधन झाले. जलोदर आणि हृदयाच्या रोग्यांना आज मीठ कमी करायला सांगतात, तेव्हा त्या सल्ल्यामागे अशा नोंदींचाही हात आहे.

उजेडाने जंतू मारण्याची कल्पना त्यानंतर त्वचेवरून पाण्यात उतरली. त्यासाठी दोन गोष्टी लागल्या. अमेरिकेत पीटर कूपर ह्युइट यांनी पाऱ्याच्या वाफेचा दिवा बनवला होता. जर्मनीत हानाऊ इथे रिशार्ड क्यूख यांनी क्वार्ट्झ वितळवून त्याच्या नळ्या बनवण्याची रीत शोधली होती. साधी काच अतिनील किरण अडवते, क्वार्ट्झ त्यांना जाऊ देते. पाऱ्याचा दिवा क्वार्ट्झच्या नळीत घातला की जंतूंना सर्वांत घातक असा २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण भरपूर मिळतो. १९१० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पिण्याचे पाणी या पद्धतीने निर्जंतुक करण्याचा प्रयोग झाला. क्लोरीन स्वस्त असल्यामुळे पुढची कित्येक दशके ही पद्धत मागे राहिली. आज ती घरच्या जलशुद्धीकरण यंत्रांपासून मत्स्यालयांपर्यंत सगळीकडे आहे. हे किरण जंतूच्या डीएनएमधले शेजारचे दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात. जंतू लगेच फुटत नाही, पण त्याला पुढची पिढी काढता येत नाही.

फिन्सेन यांच्या कामाला एक वेगळे वळण २००५ मध्ये मिळाले. डेन्मार्कमधल्याच संशोधकांनी त्यांचे जपून ठेवलेले दिवे आणि भिंगे तपासली. त्या रचनेतून ३४० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीचे किरण जवळजवळ बाहेर पडतच नव्हते, असे आढळले. म्हणजे ज्या अतिनील किरणांना लोकांनी शंभर वर्षे श्रेय दिले, ते रोग्यापर्यंत फारसे पोहोचलेच नसावेत. क्षयाच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. दृश्य जांभळा उजेड त्यांच्यावर पडला की ऑक्सिजनचे एक उग्र रूप तयार होते आणि त्यानेच जंतू मेले असावेत, असे या संशोधकांचे अनुमान आहे. उपचार खरा होता, रोगी खरोखर बरे झाले होते, फक्त त्यामागचे कारण सगळ्यांना वाटत होते त्याहून वेगळे निघाले. दिव्यातून काय निघते यापेक्षा भिंगापलीकडे काय पोहोचते हे मोजायला हवे, हा फिन्सेन यांचाच धडा त्यांच्याच दिव्यांनी पुन्हा दिला.

कासव पाळणाऱ्यांनी हा धडा तीन ठिकाणी लक्षात ठेवायचा आहे. पहिले म्हणजे किरणांची गल्लत. पाण्याच्या स्टरिलायझरमध्ये यूव्ही-सी असतो. तो बंद नळीतच राहायला हवा. उघडा दिवा टाकीवर टांगला तर कासवाचे आणि माणसाचेही डोळे आणि कातडी भाजते. दिवा काढताना आधी प्लग काढायचा आणि पेटलेल्या दिव्याकडे कधीही बघायचे नाही. कासवाला बसण्याच्या दगडावर हवा असतो तो यूव्ही-बीचा वेगळा दिवा. तोही काचेआडून देऊन चालत नाही. बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हात ठेवलेल्या कासवाला ऊब मिळते, यूव्ही-बी मिळत नाही, कारण काच तो वाटेतच अडवते.

दुसरे, जिथे किरण जात नाहीत तिथले काहीच मरत नाही. दगडावर चिकटलेले शेवाळ, तळाचा गाळ, कासवाच्या कवचावरचे जंतू दिव्यासमोरून कधी जातच नाहीत. यात एक फायदाही आहे. विष्ठेतला विषारी अमोनिया पचवणारे उपयोगी जंतू फिल्टरमधल्या स्पंजला चिकटून राहतात, म्हणून तेही वाचतात. मात्र अमोनिया आणि नायट्रेट या रसायनांवर दिव्याचा इलाज चालत नाही. मेलेले शेवाळही पाण्यातच कुजते. त्यामुळे पाणी नितळ दिसले तरी दर आठवड्याला त्यातला काही भाग बदलणे, उरलेले खाणे लगेच काढणे आणि जमल्यास कासवाला वेगळ्या टबात खाऊ घालणे ही कामे सुटत नाहीत. नितळ पाणी आणि निरोगी पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरे, माणसाचे आरोग्य. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांनी छोटी कासवे हाताळल्याने होणाऱ्या आजारांमुळे अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. स्टरिलायझर लावला म्हणून हा धोका टळत नाही. कासवाला किंवा टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न ओतणे आणि पाच वर्षांखालील मुलांना कासवापासून लांब ठेवणे हेच खरे उपाय आहेत. आपल्याकडच्या तळ्यांत, नद्यांत आणि रानात आढळणाऱ्या देशी कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. ती पकडून घरी ठेवणे गुन्हा ठरतो. हौसेने आणलेले परदेशी कासव कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडणेही तितकेच घातक, कारण ते देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

कोपनहेगनमध्ये मोठ्या इस्पितळाजवळ फिन्सेन यांच्या स्मरणार्थ १९०९ मध्ये उभारलेले शिल्प आहे. त्यातल्या मानवी आकृती उजेडाकडे झेपावताना दिसतात. ज्याच्या खोलीत ऊन येत नसे त्या विद्यार्थ्याला हे स्मारक शोभणारे आहे. पण त्यांच्या कामाची आठवण रोजच्या रोज ठेवायची तर कासवाच्या टाकीजवळचे ते छोटे उपकरण पुरेसे आहे. फिल्टर साफ करावा, क्वार्ट्झचे आवरण पुसावे, पंपाचा वेग तपासावा. मग उजेड आपले काम करतो, पण जिथवर पोहोचतो तिथवरच.